राजूरची पुष्पा मोझांबिकात

वणीजवळच्या राजूरला पुष्पा राठोड म्हणजे तोंडाची पक्की बाई. गॅसवाल्याला फैलावर घ्यायचं असो की ग्रामपंचायतीत नळाचं गाऱ्हाणं न्यायचं असो, गल्लीतल्या बाया तिलाच पुढे करायच्या. माहेर आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरचं, म्हणून घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि खाणीतल्या परप्रांतीयांशी हिंदी. तिन्ही भाषांत ती सारख्याच जोरात भांडायची. घरी शिलाई मशीन होतं, स्कूटी होती, आणि जून महिन्यात शाळांचे गणवेश शिवता शिवता जेवायलाही फुरसत नसायची.

नवरा प्रेम कोळसा खाणीवर डंपरचा मिस्त्री. मागच्या वर्षी त्याला मोझांबिकातल्या तेते शहराकडच्या एका खाणीवर नोकरी लागली. बायको-पोरीलाही नेता येईल असं कळलं तेव्हा पुष्पाने मशीन नणंदेकडे ठेवलं, स्कूटी विकली आणि नऊ वर्षांच्या राखीला घेऊन ती विमानात बसली. कोळशाच्या धुळीतून एकदाचे सुटू, असं तिला वाटलं होतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने खिडकी पुसली तर फडकं काळंकुट्ट निघालं.

धुळीचं तिला एवढं वाटलं नसतं. जीव खाल्ला तो भाषेने. तिथे सगळा कारभार पोर्तुगीजमध्ये. नळ दुरुस्त करणाऱ्याला गळती कुठे आहे ते सांगता येईना, औषधाच्या दुकानात पोट दुखतंय की डोकं हे हाताने दाखवावं लागे. शेजारीण कुंपणापाशी येऊन हसायची, ही पण हसायची, आणि मग दोघी आपापल्या घरात जायच्या. प्रेमला यातलं काहीच कळत नव्हतं. त्याच्या वर्कशॉपमध्ये अर्धी माणसं आपल्याकडची. तो संध्याकाळी हसतमुखाने घरी आला की तिचं टाळकं फिरायचं.

"तुमाले काय," ती म्हणायची, "तुमाले इथं बी रवी अन् शाम भेटले. मी दिवसभर भिंतीसंगं बोलू का?"

तो म्हणायचा, होईल सवय. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे तो तोंड उघडायच्या आतच ती स्वयंपाकघरात निघून जायची.

राखीने मात्र ती भाषा दोन महिन्यांत रस्त्यावर उचलली. बाजारात तीच भाव विचारायची, तीच नळवाल्याला सांगायची. पुष्पा तिच्यामागे पिशवी धरून उभी. पोरीचं कौतुक वाटायचं आणि त्याच वेळी आतून जळायचंही. पोर आपल्याला बोट धरून चालवते आहे, हे तिला पचत नव्हतं.

ऑक्टोबरात, वणीचा मे महिना फिका पडावा अशा उन्हात, शाळेतून बोलावणं आलं. बाई बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बोलत होत्या. त्यांचं झाल्यावर राखी म्हणाली, "याडी, बाई म्हणते, चांगली शिकते. नवी वही आणा म्हणते." आईला ती तांड्यावरच्यासारखं याडीच म्हणायची. एका वहीसाठी एवढं लांबण कायले, असं पुष्पाच्या मनात आलं. पण विचारणार कोणाला? बाईंनी एक कागद पुढे केला. तिने हसून सही केली आणि तिला येत असलेला एकच शब्द, "ओब्रिगादा", म्हणून आभार मानले. बाई तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिल्या.

त्या कागदाची प्रत तिने चार दिवसांनी उर्वशीला दाखवली. उर्वशीचा नवरा त्याच खाणीवर होता आणि सहा वर्षांत तिला तिथली भाषा लिहिता-वाचता येऊ लागली होती. तिने दोनदा वाचून सांगितलं: राखी बोलते भराभरा, पण लिहीत काहीच नाही, परीक्षेचे पेपर कोरे देते. तिला पुन्हा त्याच वर्गात बसवणार आहेत आणि पालकांना ते मान्य आहे. खाली पुष्पाची सही.

घरी आल्यावर तिने राखीला समोर बसवलं. खोटं काहून बोलली, एवढंच विचारलं.

राखी रडली नाही. "तुले सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुले बोलता येते का बाईसंगं?"

पुष्पाने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

संध्याकाळी प्रेम म्हणाला की पोरीला आर्णीला आजीकडे पाठवून देऊ. फोनवर पुष्पाची आई हंसाबाईही तेच म्हणाल्या, तूही ये म्हणाल्या. पुष्पाने आईचा फोन मध्येच ठेवून दिला. जायचं तर तिला होतंच, पण असं तोंड खाली घालून नाही.

तिने उर्वशीकडून बाईंना सांगायची चार पोर्तुगीज वाक्यं घेतली, देवनागरीत कागदावर उतरवली आणि एका दुपारी एकटीच शाळेकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये चढली. थांबा सांगता आला नाही. थेट नदीच्या पुलापाशी उतरली आणि तापलेल्या रस्त्याने तासभर मागे चालत आली. घामाने कागदावरची शाई पसरली होती. जेवढं वाचता आलं तेवढं तिने बाईंसमोर वाचलं: मला समजलं नव्हतं. मी सही चुकून केली. बाई चटाचटा उत्तर देऊ लागल्या आणि पुष्पाला पुन्हा काही म्हणजे काही कळेना. संतापाने तिचे डोळे भरून आले. बाई थांबल्या. त्यांनी पहिलीचं पुस्तक आणलं, तिला लहान बाकावर बसवलं आणि चित्राखालच्या शब्दावर बोट ठेवलं. राजूरात जिच्या तोंडाला कोणी लागत नव्हतं ती बाई घराचा पोर्तुगीज शब्द तीनदा चुकीचा वाचत होती.

सही काही रद्द झाली नाही. फेब्रुवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा राखी खालच्या वर्गातून आलेल्या पोरांसोबत जुन्याच वर्गात बसली आणि आठवडाभर आईशी धड बोलली नाही. पुष्पा रोज दुपारी ते पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसते. आई वाचते, मुलगी चुका काढते. मुलगी लिहिते, आई ओळी मोजते. बहुतेक दुपारी भांडण होतं, आणि कोणाचंही बरोबर असो, पुस्तक मिटायचं नाही एवढं पुष्पाने ठरवून टाकलं आहे.