दशरथाची वस्तीची गाडी

माझा धाकटा भाऊ दशरथ सरपंच आहे. हे मी आधीच सांगून टाकतो. दहिसरला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जो भेटेल त्यालापण मी हेच पहिलं सांगतो. बिनविरोध सरपंच. काही जण तोंड वाकडं करतात, "दत्ताराम, उभा राहायला दुसरा होता कोण तिथे?" अरे, दुसरे सगळे इथे मुंबईत येऊन बसले आणि माझा भाऊ तिथे राहिला. मोठेपणा त्यातच आहे ना.

आमचं निवेखोल सिंधुदुर्गात, डोंगराच्या अगदी पायथ्याला. डांबरी रस्ता येतो तो ग्रामपंचायतीच्या दारात संपतो. पुढे व्हाळाचं पाणी आणि मग रान. मतदारयादी बघाल तर गाव भरलेलं वाटेल. पण त्यातली निम्मी माणसं दहिसर-बोरिवलीत, थोडी कांजूरमार्गला. निवडणुकीला गाड्या करून येतात, बोटाला शाई लावतात, काजूच्या पिशव्या घेतात आणि सुटतात. वरच्या वाडीत तर आता चूल पेटते ती एकट्या दशरथाची. त्याची बायको वारली, पोरगी लग्न होऊन लांब गेली. ग्रामसेवकाच्या गळ्यात अजून दुसरी गावं, तो येईल तेव्हा येतो. एरवी ऑफिस उघडायचं दशरथाने, झाडायचं त्याने, नळाला पाणी सोडायचं त्याने. ग्रामसभेला समोर म्हातारी-कोतारी चार माणसं, तरी हा माईक लावून बोलतो. मीच सांगितलंय त्याला, सरपंचाने माईकवरच बोलायचं.

त्याचा सगळा जीव अडकलेला संध्याकाळच्या एस्टीत. वस्तीची गाडी. तालुक्याहून दिवस मावळताना यायची, रात्री गावातच थांबायची, सकाळी परत. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या पडवीत झोपणार आणि जेवणार आमच्या घरी, ही पद्धत आमच्या बाबांपासून. आमच्या घराने ती कधी मोडली नाय. वडाच्या वळणावर गाडी आली की ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचा. तो ऐकला की दशरथ भात चुलीवर ठेवायचा. गाडी वळवून, पाय धुवून दोघं ओटीवर येईपर्यंत भात तयार. मग तिघं जेवायला बसायचे. तालुक्यात काय झालं, कुणाचं लग्न मोडलं, कुठला पूल खचला, सगळं तेव्हा कळायचं. दिवसभरात कुणाशी बसून बोलणं झालं तर तेवढंच.

मागच्या वर्षी डेपोतल्या साहेबाने त्याला बोलावलं. गाडी रिकामी येते, बंद करणार. दशरथाने हात जोडले तेव्हा साहेब म्हणाला, "जत्रेला तरी माणसं दाखवा. मग बघू."

दशरथ तडक दहिसरला आला. आमच्या मुंबई मंडळाची मीटिंग बिल्डिंगखालच्या हॉलमध्ये भरली. मी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवला. तो उठला आणि मान खाली घालून बोलला, "माका पैसे नको. जत्रेक येताना आपापली गाडी तालुक्यात ठेवा आणि संध्याकाळच्या एस्टीन गावात येवा. एकदाच. बस भरलेली दिसली तर चालू ऱ्हवात."

मंडळाचा सेक्रेटरी राजेश हसला. "काय सरपंचानू, मतदार मुंबयसून आणूचे, आता पॅसेंजरपण मुंबयसून?"

सगळे खिदळले. दशरथपण हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मग मी उठलो. मी सातवी पास, लपवत नाय. पण बोरिवलीच्या रबर कंपनीत माझ्या आवाजाने मशीन थांबायच्या. म्हटलं, "राजेश, तुझा बाप मुंबईला आला तो ह्याच गाडीने गाव सोडून. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा कायतरी मागितलंय. कोण कोण येणार, हात वर!"

हॉलभर हात वर झाले. राजेशचापण. दशरथ प्रत्येक हाताकडे बघत होता. रात्री जेवताना माझ्या बायकोला, नलिनीला म्हणाला, "वैनी, एक बस पुरूची नाय. दुसरी मागूक व्हयी."

जत्रेच्या आदल्या दिवशी आमचा सर्वेश म्हणाला, "बाबा, आपली गाडी आहे ना दारात. आईच्या गुडघ्यांना एस्टी झेपणार आहे का?" नलिनी काय बोलली नाय, म्हणजे तिचंपण तेच. म्हटलं, तुम्ही या गाडीने. मी शब्द दिलाय.

तालुक्याच्या स्टँडवर मी लवकर पोचलो. म्हटलं, आपली माणसं आली की पुढच्या सीट धरायला बऱ्या. कंडक्टरने घंटी मारायची वेळ झाली. डेपोतला साहेब स्वतः आला, दारातून आत डोकावला. आत मी एकटा, मांडीवर पिशवी घेऊन.

"काका," तो म्हणाला, "अख्खा गाव तुम्हीच काय?"

"होय," मी म्हटलं. "मीच."

वाटेत आमच्या लोकांच्या गाड्या मागून येऊन पुढे जात होत्या. एकीतून कुणीतरी मला हातपण केला. वडाच्या वळणावर ड्रायव्हरने हॉर्न दिला तो रोजच्यापेक्षा लांब. ग्रामपंचायतीसमोर दशरथ उभा होता, धुतलेला शर्ट घालून, हातात झेंडूचा हार. देवळातलं मोठं पातेलं आणून त्याने काळ्या वाटाण्याची उसळ करून ठेवलेली. बंद शाळा उघडून झाडलेली, सतरंज्या घातलेल्या. मी उतरलो. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"मागे कोण आसा?"

"मागे कोण नाय रे."

मग जाऊन त्याने तो हार गाडीच्या काचेसमोर बांधला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "पाय धुवून येवा. भात घातलंय."

देवळाच्या मैदानात गाड्यांची ही लाईन. राजेशने मला गाठलं. "दत्तारामभाऊ, रागावू नको. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे येतीलच एस्टीने." मी त्याच्याशी बोललो नाय. अजून बोलत नाय. उसळ मात्र सगळ्यांनी पातेलं खरवडून खाल्ली. झकास झालेली म्हणे.

दिवाळीनंतर जत्रा असते आमची. थंडी सरायच्या आत गाडी बंद झाली.

मी फोन करून सांगितलं, इथे ये, माझ्याकडे रूम आहे, लिफ्ट आहे. म्हणाला, "पाणी कोण सोडतलो?" मग रोजचं विचारायला लागलो, जेवलास का? आधी हो म्हणायचा. एकदा खरं बोलला, "दादा, हॉर्न वाजत नाय ना. चुलीकडे जावची आठवणच ऱ्हवत नाय. मग तसोच पडतंय."

सरपंच माणूस, आणि उपाशी झोपतो. मला त्या दिवशी घरात बसवेना. दिवस मावळायला मी चालत चेकनाक्याला गेलो. तिथून आमच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या सुटतात. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसता फोन लावला. दशरथाने उचलला, आणि तेवढ्यात माझ्या मागेच एका बसवाल्याने हॉर्न दिला. लांबलचक.

मला वाटलं फोन कट झाला.

मग त्याचा आवाज आला, "दादा, ठेव आता. भात घालतंय."

आता मी रोज जातो. नलिनी म्हणते, वेड लागलंय तुम्हाला. नाक्यावरचा पानवाला विचारतो, काका, रोज कुणाला सोडायला येता? मी त्याला सांगतो, माझा भाऊ सरपंच आहे, बिनविरोध. मग एखादी गाडी हॉर्न द्यायला लागेपर्यंत फोन हातात धरून उभा राहतो.