ढोलाने पाहायचं असतं

हॉलंडमधल्या आमच्या रायस्वाइक गावच्या हेमचंद्रकडे कुणी तबल्याचा विषय काढला, की हल्ली तो चहा टाकायला उठतो. एरवी हा गडी न विचारताही तासभर बोलायचा. पुण्यात बारा वर्षं सोलो तबला शिकलेला. इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो, असं आम्ही त्याला चिडवतो.

दोन वर्षांपूर्वी तो दर शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात बोम्बा शिकायला जाऊ लागला. प्वेर्तो रिकोच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांचा हा ढोल आणि नाच. शिकवणाऱ्या इवेलीसबाई सत्तरीच्या. त्यांचा नियम एकच: इथे नाचणारी ढोलामागे जात नाही, ढोल तिच्यामागे जातो. तिने खांदा उडवला, घागऱ्याचं टोक झटकलं, की मुख्य ढोलाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. तिच्यावरची नजर हलवायची नाही.

हेमचंद्रचा हात तयार होता, नजर नव्हती. लहऱ्यावर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या एकाच सुरावटीवर, एकट्याने वाजवायची सवय. लय रंगली की डोळे आपोआप मिटायचे. बाई दरवेळी ओरडायच्या, हा दरवेळी हसायचा.

मार्चमधल्या कार्यक्रमात शेवटचा नाच बाईंचा आणि मुख्य ढोलावर हा. दोन मिनिटांत याची समाधी लागली. मनात मात्रा मोजून त्याने लांबलचक तिहाई घेतली आणि समेवर असा काही आला, की टाळ्यांचा कडकडाट झाला. डोळे उघडले तेव्हा बाई कडेच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. दमल्या असतील, म्हणत त्याने टाळ्या घेतल्या.

घरी त्याने व्हिडिओ पाहिला. बाईंनी तीनदा घागरा झटकला होता. ढोल आपल्याच तंद्रीत. चौथ्यांदा त्यांनी हात अर्धा उचलला, सोडून दिला आणि ढोलापुढे वाकून कडेला निघून गेल्या.

आठवड्याने बाईंचा निरोप आला: यापुढे नाचणार नाही, वर्ग बंद. सगळे म्हणाले, गुडघे. हेमचंद्रही म्हणाला, गुडघेच असतील. मला त्याचा संताप आला, कारण व्हिडिओ त्याने मला दाखवला होता. त्यालाही स्वतःची लाज वाटत होती. शनिवार आला की धड जेवायचा नाही. पण बाईंना साधा फोन करायचीही छाती होईना.

सहा आठवड्यांनी एकदाचा गेला. बाईंनी स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्या वाजवणाऱ्यालाही माझं अंग वाचता येईना, तेव्हाच मी समजले. आता ते काही बोलत नाही."

नुसती मान डोलावली असती तरी सुटला असता. क्षणभर तसं मनात आलंही, हे त्यानेच मला सांगितलं.

"माझे डोळे मिटलेले होते," तो म्हणाला. "तुम्ही काय केलंत ते मी पाहिलंच नाही. घरी व्हिडिओत दिसलं."

"कधी?"

"त्याच दिवशी."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग सहा आठवडे मला तो माझाच दोष का वाटू दिलास?"

हेमचंद्रने मान खाली घातली.

बाई टेबलाला धरून उठल्या. "खाली नको बघूस," त्या म्हणाल्या. "इकडे बघ." आणि त्यांनी खांदा उडवला.