देवळाच्या भिंतीतली घरघर

"परवा सप्ता बसतोय. मशीन बंद करा, नायतर आमी गेट बंद करतो!"

भजनी मंडळाचे हरीबुवा कंपनीच्या गेटवर उभे राहून बोलत होते. विचुंब्याजवळच्या या युनिटमध्ये मी मेंटेनन्स इंजिनीयर आहे. आमचा एअर कॉम्प्रेसर, म्हणजे प्रॉडक्शन लाइनसाठी हवा दाबून टाकीत भरणारं मशीन, कंपाउंडच्या भिंतीला लागूनच आहे. भिंतीपलीकडे देऊळ. बुवांनी पेटीवर सूर धरला की खालून आमची घरघर सुरू.

प्रॉडक्शन मॅनेजर कुलकर्णी साहेबांनी आवाज मोजायचा मीटर मागवला. गेटवर रीडिंग लिमिटमध्ये आलं.

"झालं, विषय संपला," साहेब म्हणाले.

"सप्त्यात तुमचा मीटर गानार हाय का?" बुवांनी विचारलं.

साहेब वैतागले. मला म्हणाले, "भिंत उंच करून टाक. पण लाइन थांबवायची नाही. ऑर्डर अडकलीय."

"गेट अडवलं तर लाइन थांबेलच, साहेब. आधी मला पलीकडे जाऊन बघू द्या."

मी उरणचा. आम्ही कोळी, वडील होडीवर मासेमारीला जायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी अभिमानानेच सांगतो. देवळापाशी जाऊन म्हटलं, "बुवा, मी पन कोल्याचाच पोर. जरा आत बघू का?"

"कोल्याचा पोर नि इंजिनेर? मंग बाहेर काय उभा? चपला काढ नि ये."

आत भिंतीला हात लावला. भिंत थरथरत होती. देवळाच्या मंडपाचे पत्रे त्याच भिंतीवर टेकलेले, तेही थरथरत होते. मग लक्षात आलं. आमच्या बाजूने हवेचा लोखंडी पाइप याच भिंतीला क्लॅम्प ठोकून नेलेला होता. शेजारणीने खलबत्त्यात काही कुटलं की आपल्या फळीवरची भांडी वाजतात ना, तसं. आवाज भिंतीवरून येत नव्हता, भिंतीतून येत होता. ती उंच केली असती तर तेवढी जास्त भिंत थरथरली असती.

साहेबांना देवळात नेलं आणि त्यांचा हात भिंतीवर ठेवला. त्यांनी हात काढून घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद. पण सुट्टी संपली की चालू झालीच पाहिजे."

फिटर मोरे आणि मी आदल्या दिवशीच सगळं जमवून ठेवलं. सुट्टीत भिंतीवरचे क्लॅम्प काढले, पाइप जमिनीवरच्या स्टँडवर घेतला. मशीन आणि पाइप यांच्यामध्ये लवचीक रबरी नळी जोडली, म्हणजे धक्के तिथेच जिरतात. मशीनच्या पायांखाली रबरी पॅड सरकवले. आमचे डबे तसेच राहिले, पण लाइन वेळेवर चालू झाली.

सप्त्याच्या पहिल्या संध्याकाळी सेकंड शिफ्ट चालू होती आणि पलीकडे भजनही. मशीनचा आवाज येत होता, पण रस्त्यावरच्या रिक्षाइतका, लांबून. बुवांनी पेटी धरली, डोळे मिटले, मग माझ्याकडे बघून हसले. "आता सूर चुकला तर आमचाच. कंपनीवर ढकलता येनार नाय!"

आवाजाची तक्रार आली की मी आता आधी तक्रार करणाऱ्याकडे जाऊन बसतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत. पण भिंत का थरथरते, हे मात्र कॉलेजातच शिकलो.