चाकाला मिळालेली सीट

इनास परेरा छत्तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी त्याला फंड बँकेत ठेवायला सांगितलं, आणि त्याने वीस वर्षं जुनी, दोन सीटची, उघडमीट होणाऱ्या छताची, लालभडक स्पोर्ट्‌स कार घरी आणली. बायकोने, ॲडेलिनने, गाडीला एक फेरी मारली. "मागे माणसं कुठे बसणार?" एवढंच विचारून ती आत गेली आणि आठवडाभर कामापुरतंच बोलली.

इनासला मात्र नवाच छंद लागला. सकाळी गाडी पुसायची आणि मग शेजारच्या सीटवर बसवायला कोणीतरी शोधायचं. ती सीट रिकामी राहिली की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्यामुळे प्रभाकर लेल्यांनी फोन करून खडवलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला बोलावलं, तेव्हा तो लगेच म्हणाला, "लेलेसाहेब, तुम्ही यजमान. रिक्षाने थोडेच जाणार? मी येतो डोंबिवलीला, माझ्या गाडीतून चला."

लेले त्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. त्या दिवशी त्यांच्या पत्नी वासंतीबाई सामान घेऊन पहाटेच पुढे गेल्या होत्या. लेले रेशमी सोवळं नेसून, उपरणं सावरत, विहिरीत उतरावं तसे त्या खोलगट सीटमध्ये उतरले.

पडघ्यापर्यंत प्रवास झकास झाला. खडवलीकडे वळल्यावर मात्र गाडी लंगडायला लागली. इनासने उतरून बघितलं. मागचं डावं चाक पार बसलेलं.

"दहा मिनिटं, साहेब."

"मुहूर्त साडेदहाचा आहे. पण घाई करायची नाही," लेले बाहेर येत म्हणाले. "गाडीचं पुस्तक कुठे आहे?"

पुस्तक खणात होतं. लेल्यांनी ते उघडून खणखणीत आवाजात मराठीतून सांगायला सुरुवात केली.

"आधी हँडब्रेक."

"ओढला."

"जॅक लावण्यापूर्वी नट सैल करावेत."

"साहेब, मी छत्तीस वर्षं नटच सैल केलेत."

"आणि छत्तीस वर्षांत एकदाही हेल्मेट घातलं नाहीस."

इनास पान्यावर पाय देऊन उभा राहिला. नट कुरकुरत सैल झाले. पण गाडी मुळातच जमिनीला टेकलेली, त्यात चाक बसलेलं. जॅक काही खाली शिरेना. त्याने रस्त्याकडेची एक चपटी फरशी ओढून आणली, गाडी जराशी पुढे घेऊन बसलेलं चाक हळूच तिच्यावर चढवलं, हँडब्रेक पुन्हा ओढला, तेव्हा कुठे जॅक आत गेला. "वा!" लेले म्हणाले. हे पुस्तकात नव्हतं.

स्टेपनी बाहेर काढल्यावर लेले चपापले. "हे कोणाचं चाक?"

"हिचंच. बारीकच देतात. पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरतं."

ते बसवून झालं. आता काढलेलं चाक डिकीत टाकायचं. इनासने ते आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं, तिरकं करून गुडघ्याने रेटलं. डिकी बारीक चाकाच्या मापाची. लेल्यांनी पान उलटलं आणि वाचता वाचता थांबले.

"काय लिहिलंय?"

"काही विशेष नाही."

"साहेब?"

लेल्यांनी चष्मा पुसला. "काढलेलं चाक डिकीत मावत नाही. ते शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावावा."

दोघांनी त्या सीटकडे बघितलं.

"मांडीवर घेता?" इनासने चाचरत विचारलं. चाकाला चिखल, शेण, सगळं लागलेलं.

"सोवळ्यात?"

इनासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला मानाने बसवून आणलं आणि अर्ध्या वाटेत उतरवलं! तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. तो लेल्यांच्याच घरी मांडवाच्या खुर्च्या नि केळीचे खांब घेऊन निघाला होता. पुढे आचारी आणि त्याची दोन माणसं दाटीवाटीने बसलेली. ड्रायव्हर राकेश म्हणाला, "काका, मागे बसता का? खुर्च्या हायेत."

लेले मागे चढले आणि केळीच्या खांबांमध्ये, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, चौरंगावर मांडल्यासारखे बसले. मागून इनास, शेजारी पट्टा लावलेलं चाक. साहेबांशी नजरानजर होऊ नये म्हणून तो सगळी वाट स्पीडोमीटरकडे बघत होता.

दोन्ही गाड्या दारात थांबल्या. वासंतीबाईंनी टेम्पोतून उतरणारे यजमान बघितले, मग सीटवरचं चाक बघितलं.

"अहो, चाक टेम्पोत टाकून तुम्ही गाडीत का नाही बसलात?"

इनास लेल्यांकडे बघायला लागला, लेले इनासकडे.

"तसं लिहिलं नव्हतं," शेवटी लेले म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मुहूर्त गाठला गेला. जेवताना लेल्यांनी इनासला आग्रह करकरून श्रीखंड वाढलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पंगत उठल्यावर गुरुजी गाडीभोवती दोनदा घुटमळले. दक्षिणा केव्हाच कनवटीला लावली होती, तरी त्यांचा पाय निघत नव्हता.

"काय गुरुजी?"

"भातसाच्या पुलापर्यंत एक चक्कर मिळेल का?"

इनासने चाक उचलून ओटीवर ठेवलं, सीट स्वच्छ पुसली आणि दार उघडून धरलं. "या ना! छत उघडू?"