शिंक आली तर तंबू माळ्यावर

तान्ह्या मुलांना घेऊन तंबूत कसं राहावं, हे मला मुलं होण्याच्या आधीपासून पक्कं ठाऊक होतं. मुलं झाल्यावर त्यात थोडा गोंधळ झाला, एवढंच.

लग्नाआधी मी कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींबरोबर पुण्याच्या आसपासचे डोंगर पालथे घातले होते. कातळावर चादर टाकून झोपले होते, तीन दगडांच्या चुलीवर पिठलं केलं होतं आणि परत आल्यावर महिना महिना त्याच्या गप्पा मारून घरच्यांना जेरीला आणलं होतं. मग लग्न झालं आणि पाठोपाठ एकदम जुळं. एक मुलगा, एक मुलगी. बारशाला आलेली प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून झालं की माझ्याकडे वळून म्हणे, "झालं हो तुमचं भटकणं!" सूर असा, की जणू माझा एक दुर्गुण देवाने परस्पर दुरुस्त करून दिलाय. मी गोड हसायची आणि मनात म्हणायची, बघा हं.

मुलं दहा महिन्यांची झाली तेव्हा ह्यांनी खडकीच्या बाजारातून एक तंबू आणला. लष्करातून मोडीत निघालेला, जाड कॅनव्हासचा. वासावरून आधी त्यात घोडा राहत असावा. मी तो गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकला. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या.

"हे आणि काय?"

"तंबू आहे आई. आम्ही चौघं खडकवासल्याला जाणार आहोत, एक रात्र राहायला."

"चौघं म्हणजे कोण कोण?"

"हे, मी आणि ही दोघं."

सासूबाई कधी आवाज चढवत नसत. पुण्यात जन्म काढलेल्या बाईला त्याची गरज पडत नाही. "जा की," त्या म्हणाल्या. "मी कोण अडवणार? फक्त परत आल्यावर दोघांपैकी एकाला जरी शिंक आली, तर हा तंबू माळ्यावर जाईल. त्यांची लग्नं होईपर्यंत."

"आणि नाही आली तर?"

"तर हवं तेव्हा जा, हवं तिथे झोपा. मी ब्र काढणार नाही."

"ठरलं," मी म्हणाले. तेव्हा मला वाटलं, मी जिंकलेच.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात शिंकेशिवाय दुसरं काही नव्हतं. होळी तोंडावर आलेली, दुपारी रस्त्याचं डांबर मऊ पडायला लागलेलं. तरी निघताना मी प्रत्येकाला दोन झबली घातली, त्यावर स्वेटर, पायात मोजे, आणि डोक्याला सासूबाईंनी विणलेली लोकरीची टोपडी, एकावर एक दोन. वरून दुपटं.

"अगं, खडकवासल्याला चाललोय आपण," हे म्हणाले. "हिमालयात नाही."

"तुम्ही तंबू सांभाळा."

बसमध्ये कंडक्टरने ह्यांच्या खांद्यावरची तंबूची लांबलचक गुंडाळी पाहिली, माझ्या मांडीवरची दोन गाठोडी पाहिली आणि ह्यांना विचारलं, "हे तिसरं पण झोपलंय का? उठलं की तिकीट काढा त्याचं."

ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचं शेत धरणाच्या पाण्याला लागून होतं. त्याची आई बांधावरून आम्हाला बघायला आली. दुपट्यात वाकून म्हणाली, "पोरं हायत व्हय आत? मला वाटलं, चपात्या गुंडाळून आणल्यात." मी समजूतदारपणे हसले. तिला बिचारीला मोकळ्यावर राहायचा काय अनुभव?

शेतात एक डेरेदार आंबा होता. हे तिकडे वळले, तशी मी ओरडले, "झाडाखाली नको! तिथे गारवा असतो!" म्हणून भर उन्हात, मोकळ्या जागी, ह्यांनी खुंट्या ठोकल्या. आणि वारं लागू नये म्हणून तंबूची दोन्ही तोंडं मी स्वतः आतून गच्च बांधली. गाठी मला उत्तम येतात.

थोड्या वेळात मुलगा रडायला लागला. त्याचं ऐकून मुलगी. मी पाजलं, ती रडली. गुटी चाटवली, ती त्यांनी थुंकली. पोट दुखत असेल म्हणून बाहेर चूल पेटवून, ओवा गरम करून, फडक्यात बांधून दोघांची पोटं शेकली. तेव्हा ती जी रडली, त्याला तोड नव्हती. मग मी मीठमोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली. घरी मी असल्या गोष्टींना हसत असे, पुडी मात्र आठवणीने बरोबर घेतली होती.

हे एव्हाना बनियनवर आले होते आणि कपाळावरून पाणी निथळत होतं. "अगं, मला फार गरम होतंय."

"तुमचं काय मधेच? इथे मुलं रडताहेत!"

आता माळा मला स्पष्ट दिसायला लागला होता. त्यावर तंबू, आणि तंबूशेजारी मी.

तेवढ्यात मुलीने रडता रडता भावाच्या टोपड्याचा बंद मुठीत पकडला. तिला तो चोखायचा होता. बंद सुटेना, म्हणून तिने सगळा जोर लावून ओढला आणि दोन्ही टोपडी एकदम निघाली. आतून ओलंचिंब, लाललाल डोकं बाहेर आलं. पोरगा रडायचाच थांबला. इकडे तिकडे बघितलं, मोठा उसासा सोडला आणि चक्क हसला.

मी बी.एस्सी. होते. उष्णतेचा अख्खा धडा मला तोंडपाठ होता.

पुढचं सगळं भराभर झालं. कपडे उतरले, गाठी सुटल्या, तंबू आंब्याखाली गेला. दोघं उघडीनागडी दुपट्यावर लोळायला लागली. पाण्यावरून वाऱ्याची झुळूक आली की ती खिदळायची आणि मी त्यांची नाकं बघायची. हे फक्त एकदा म्हणाले, "मघाशी मला गरम होत होतं, ते आता सांगितलं तर चालेल का?"

मुलं रात्रभर ढाराढूर झोपली. मी कान देऊन जागी होते. एकच शिंक आली, ती ह्यांना. ह्यांचा पैजेत समावेश नव्हता.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. दोघांच्या कपाळाला हात लावला, नाकं न्याहाळली आणि वाट बघत बसल्या. चहा झाला, जेवणं झाली. शिंक नाही. मग मुलांचं अंग पुसताना त्यांनी झबली वर केली. मानेपासून कमरेपर्यंत बारीक लाल पुरळ.

"हे काय?"

"घामोळं," मी म्हणाले. "पण आई, पैज शिंकेची होती."

"होती. मी शब्द फिरवत नाही." त्यांनी वाटीत चंदन घेतलं. "घामोळं कशाने?"

"टोपड्यांनी. तुम्हीच विणली होतीत."

"मी एकेक घालायला विणली होती. दोन दोन तू घातलीस." चंदन लावता लावता त्या पुढे म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी येणार. टोपडी काढायची अक्कल असलेलं कुणीतरी बरोबर हवं."

आणि खरंच आल्या. स्वतःची उशी घेऊन आल्या, मुलांना कुशीत घेऊन तंबूत झोपल्या आणि आम्हा दोघांना आंब्याखाली बाहेर काढलं. इतकी छान झोप मला जुळं झाल्यापासून लागली नव्हती. पहाटे जाग आली ती तंबूतून आलेल्या एका सणसणीत शिंकेने. मी दचकून उठून बसले. मुलांची नव्हती.

मग कॅनव्हासच्या आतून आवाज आला, "ही धरायची नाही हं."