डिकीतली चार चाकं

मी रागीट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वऱ्हांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प होतो, आणि घरी नवरा भांडी आपटण्यावरून हवामानाचा अंदाज घेतो. तेव्हा एका गोष्टीचा मला भयंकर राग आला, असं सांगून मी काही नवीन सांगत नाही. फरक इतकाच, की माझे बाकीचे राग संध्याकाळपर्यंत उतरतात. हा उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

होळी नावाच्या आमच्या गावातून कामणच्या पुढे असलेल्या शाळेत मी चार वर्षं स्वतः गाडी चालवत जाते. विज्ञान शिकवते. वाटेत गोखिवऱ्याला भूगोलाच्या मॅडम गाडीत बसतात. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना विषयानेच हाका मारतो, म्हणून ती माझ्यासाठी नुसती भूगोल. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. या वर्षी तिला दिवस गेले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आधी दोनदा पोटातच गेलं होतं. रिक्षाचे धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन सासूबाईंसमोर छाती ठोकून म्हटलं, "ती रोज माझ्या गाडीतून येईल आणि जाईल. तुम्ही निर्धास्त राहा." सासूबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हापासून त्या पोराची जबाबदारी मी अर्धी माझीच समजत होते.

गाडी आम्ही जुनी घेतली होती, पण सगळ्या सोयींची. प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरतात त्या व्हॉल्व्हच्या मुळाशी, काडेपेटीएवढा सेन्सर. तो आतल्या हवेचा दाब मोजतो आणि आकडा पुढच्या स्क्रीनवर पाठवतो. हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो. डिसेंबरात हा दिवा तीनदा लागला. दोनदा नुसती थंडी होती, थंडीत दाब उतरतोच. एकदा मात्र खरोखर खिळा निघाला, कारण कामणच्या रस्त्यावर गोदामांच्या ट्रकमधून काय काय सांडत असतं ते तिथून जाणाऱ्यालाच ठाऊक. तिन्ही वेळा मी गाडी बाजूला घेतली आणि नवऱ्याला फोन केला. मुलांच्या शाळेतल्या मीटिंगा माझ्याकडे आणि टायर त्याच्याकडे, अशी आमच्या घरात वाटणीच आहे.

जानेवारीत टायर झिजले म्हणून तो गोखिवऱ्याच्या एका दुकानात गाडी घेऊन गेला. परत आला तो एकदम खुशीत. "चारही नवे टाकले. आणि तुझा तो दिवा आता तुला त्रास देणार नाही." मी स्क्रीन लावून पाहिली. तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, म्हणजे हवी तेवढी बरोबर हवा. मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी त्याला शिरा करून खायला घातला. त्या शिऱ्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

पुढचे दोन महिने आमची सकाळ अशी सुरू व्हायची. भूगोल सावकाश आत बसायची, पट्टा पोटाखालून नीट घ्यायची आणि मी स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, चारही तेहेतीस." ती हसायची, पोटावर हात ठेवायची आणि डोळे मिटायची. कामण येईपर्यंत छान झोपायची.

मार्चमधल्या त्या दिवशी ती झोपली नाही. कामणच्या अलीकडे म्हणाली, "ताई, गाडी डावीकडे ओढतेय का?"

ओढत होती. स्टिअरिंग मलाही जड लागत होतं. पण मी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हटलं, "छे गं. चारही तेहेतीस आहेत. रस्ताच वाकडा आहे." आणि चालवत राहिले. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायलाच हवं. मला गाडी सांगत होती, शेजारी बसलेली बाई सांगत होती, आणि मी काचेवरच्या चार आकड्यांवर विश्वास ठेवत होते.

मग जळक्या रबराचा वास आला. बाजूने जाणारा टेम्पोवाला खिडकीतून हात काढून ओरडला, "ओ मॅडम, टायर बसलाय पुढचा!" मागे कंटेनर होता. मी कशीबशी गाडी रस्त्याखाली उतरवली आणि तो कंटेनर आमच्या आरशाजवळून धडधडत निघून गेला. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक, म्हणजे बरोबर तिच्या बाजूचं, रिमवर आलेलं. टायरच्या कडेच्या चिंध्या झालेल्या. आत स्क्रीनवर अजूनही तेहेतीस. भूगोल दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

पन्नास पावलांवर एक टायरचं दुकान होतं. तिथले साठीचे काका आले. त्यांनी आधी भूगोलला रस्त्यापासून लांब, दुकानाच्या सावलीत बाकावर बसवलं. मग बाकीच्या चाकांमागे दगड लावले, जॅक लावण्याआधीच नट सैल करून घेतले आणि मला म्हणाले, "बाई, स्टेपनी काढा. पन या चाकात सेन्सर असंल ना? मंग नंतर जपून खोलाया लागंल."

मी डिकीचं फळकूट उचललं. स्टेपनीच्या बाजूला जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक पाइप होता. नळाला वापरतात तो पांढरा प्लास्टिकचा, हातभर लांब, दोन्ही टोकांना टोपणं चिकटवून बंद केलेला. एका टोपणातून टायरसारखा व्हॉल्व्ह बाहेर आलेला. मला वाटलं नवऱ्याचं काहीतरी असेल. काकांनी तो उचलला आणि कानाशी हलवला. आत खडखड वाजलं. त्यांना हसू फुटलं, मग बाकावर बसलेल्या भूगोलकडे त्यांची नजर गेली आणि हसू जागच्या जागी विझलं.

"बाई, तुमची चारी चाकं हितं हायत."

मला कळेना. त्यांनी समजावलं. टायर बदलताना कोणीतरी चारही सेन्सर काढून घेतले, चाकांना साधे रबरी व्हॉल्व्ह बसवले, सेन्सर या पाइपात कोंबले, पाइप बंद करून त्यात हवा भरली. आता ते चौघे मिळून पाइपातली हवा मोजत होते आणि इमानेइतबारे मला कळवत होते. चाकांचं काय चाललंय ते गाडीत कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादा सेन्सर तुटला असता तर समजू शकले असते. दिवा बंद पडला असता तरी चाललं असतं, निदान काही माहीत नाही एवढं तरी माहीत असतं. पण कोणीतरी डोकं लढवून, मोजून मापून, सगळं छान आहे असं रोज सांगणारं यंत्र बनवून माझ्या डिकीत ठेवलं होतं.

भूगोलला न्यायला तिचा नवरा आला. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गोखिवऱ्याला नेहमीच्या जागी थांबले तेव्हा ती आली नव्हती. ती बसने गेली होती.

मी पाइप काखेत मारून थेट त्या टायरवाल्याकडे गेले. मला वाटलं होतं तो हात वर करील, आमचं नाही म्हणेल. तो शांतपणे म्हणाला, "हां, आपणच बनवला. काय झालं, लीक झाला का?"

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं उठून बाहेर गेली. तो मात्र खरंच बुचकळ्यात पडलेला. "मॅडम, सेन्सरवाला टायर खोलताना रिस्क असतो. मशीनचा दाब चुकीच्या जागी पडला की सेन्सर तुटतो, मग गिऱ्हाईक आपल्या डोक्यावर बसतं. आणि सर बोलले, मॅडमना लाइटचं टेन्शन येतं, लाइट नको. मी लाइट बंद केली. दोन महिन्यांत तुमची एक तरी कंप्लेंट आली का?"

नव्हती आली. हेच तर मला झोंबलं. जपून काम करायचं शिकण्यापेक्षा त्याला पाइप कापून चिकटवणं सोपं वाटलं, आणि त्याच्या हिशोबी मी त्याची सगळ्यात समाधानी गिऱ्हाईक होते.

घरी गेले आणि पाइप जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवरा म्हणाला, "अगं, मी फक्त दिवा बंद कर म्हटलं होतं. कसा करतो ते मी विचारलं नाही. तू घाबरून फोन करायचीस, मी मीटिंगमध्ये असायचो. म्हटलं तुझ्या डोक्याला ताप नको."

"मी घाबरत नव्हते, मी कळवत होते," मी म्हटलं. "आणि दिवा माझ्यासाठी लागत नव्हता, चाकासाठी लागत होता."

"पण काही झालं नाही ना?"

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडावर फेकलेलं इतकं वाईट वाक्य मला आठवत नाही. काही झालं नाही ना, म्हणजे विषय संपला, ताटं वाढा. काय होऊ शकलं असतं ते पोटात घेऊन दुसरी बाई बसने धक्के खात जातेय, हे त्याला दिसतच नव्हतं. बाईच्या मनाला त्रास नको म्हणून तिच्यापासून खरी माहितीच काढून घ्यायची आणि वर त्याला काळजी म्हणायचं! मी तसंच बोलले. चार दिवसांनी त्याने हाताने हवा मोजायचं गेज आणून माझ्या पर्समध्ये ठेवलं. माफीचा शब्द त्याला सापडला नसावा.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडी कामणच्या काकांकडे नेली, फाटक्या टायरच्या जागी नवा घेतला आणि चारही चाकं होईपर्यंत तिथून हलले नाही. त्यांनी आधी पाइपातली हवा सोडली, मग करवतीने कापून चारही सेन्सर बाहेर काढले आणि फडक्याने पुसले. प्रत्येक चाकाची हवा पूर्ण सोडूनच ते मशीनकडे जात होते. टायरची कड रिमवरून सोडवायला मशीनचा दाब व्हॉल्व्हजवळ न देता बरोबर त्याच्या समोरच्या बाजूला देत होते. व्हॉल्व्हच्या भोकात सेन्सर बसवून, नवं वॉशर घालून नट आवळताना त्यांनी अंदाज चालू दिला नाही. ठरलेल्या जोरावर टक् वाजणारा पाना घेतला. टायर परत चढवताना शेवटची घट्ट कड सेन्सरवरून ओढली जाणार नाही अशा बेताने चाक फिरवत होते. एका चाकाला पाव तासापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"एवढंच आहे?" मी विचारलं. मला परत राग आला होता.

"एवढंच हाय. पन कोनी करीत नाय," काका म्हणाले. "बोट घालून बघाया लागतं, सेन्सर कुठं हाय ते. लोकांना घाई."

घरी पोचेपर्यंत चार चाकांचे आकडे वेगवेगळे झाले होते. उन्हाच्या बाजूची दोन जास्त तापली होती.

सोमवारी मी भूगोलला मधल्या सुट्टीत एकटी गाठली आणि पाइपापासून पर्समधल्या गेजपर्यंत सगळं सांगितलं. टायरवाल्याला शिव्या घातल्या, नवऱ्यालाही सोडलं नाही. बोलताना माझा आवाज चढला होता. तिने डबा बंद केला आणि शांतपणे विचारलं, "ताई, चार मुलांनी रोज शब्दाला शब्द सारखे पेपर लिहिले तर तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "चौघांना उभं करते."

"दोन महिने चारही आकडे सारखे होते. धावून चाक तापलं की हवा वाढते, हे तुम्हीच शिकवता ना? आणि गाडी ओढतेय हे मी सांगितलं होतं."

इतका वेळ तोंडात असलेल्या शिव्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. मी म्हटलं, "सांगितलं होतंस. पण मला तो आकडा आवडत होता."

तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "उद्या थांबा."

दुसऱ्या दिवशी गोखिवऱ्याला ती नेहमीच्या जागी उभी होती. मी दार उघडलं, पण ती बसली नाही. "गेज आहे ना? मोजा." मी रस्त्यावर उकिडवी बसले, साडीचा काठ मातीत, आणि पुढच्या डाव्या चाकाला गेज लावलं. आकडा पाहिला आणि सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात पुढे केला.

"सांगू नका. इकडे द्या, मी बघते."

मी गेज तिच्या हातात दिलं. अवघडून वाकत, एक हात गाडीच्या टपावर ठेवून, तिने चारही चाकं स्वतः तपासली. मी तिच्या मागे मागे फिरत होते. मग ती आत बसली आणि आम्ही निघालो. कामण गेलं, शाळा आली, तरी तिने डोळे मिटले नाहीत.