दुसरं कडवं

'आदरणीय किसनराव आपल्यातून निघून गेले.' सकाळी चहा पिताना गावच्या ग्रुपवर हा मेसेज वाचला आणि खोटं कशाला सांगू, आधी मला हसूच आलं. आदरणीय! किसनराव! ज्याला उभ्या गावानं अर्धं आयुष्य 'किसन्या' म्हणून हाक मारली, तो गेला तो आदरणीय होऊन. हसता हसताच डोळे भरले. कपातला चहा तसाच निवून गेला. आज पाच आठवडे झाले...

किसन आमच्या बेंजो पार्टीचा म्होरक्या आणि मी त्याचा ढोलकीवाला. पुढं पोटासाठी मी प्राथमिक शाळेत मास्तर झालो, ते वेगळं. येडगावच्या धरणापासून जवळच आमचं गाव. आम्ही विशीत होतो तेव्हा किसनचे केस खांद्यापर्यंत, लालभडक पँट आणि उन्हातच काय, मांडवातसुद्धा डोळ्यांवर काळा चष्मा. बेंजो म्हणजे तरी काय, एक लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. किसननं तिला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आणि दोन कर्णे जोडले होते. आण्याच्या पठारावर एका लग्नात त्यानं असा काही वाजवला की नवरदेव स्वतःची वरात सोडून आमच्यापुढं नाचायला लागला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या किसन्याचा आवाज कुठवर जातो ते बघायला लावल्यात, अशी थट्टा चालायची. म्हातारी माणसं मात्र कपाळाला हात लावायची. "ह्यो पोरं बिघडवणार," म्हणायची. बिघडलो की आम्ही! आणि लई मजेत बिघडलो. आजची नातवंडं ज्याला रॉकस्टार म्हणतात ना, तो आमच्याकडं कधीच होऊन गेला, फक्त त्याला तो शब्द ठाऊक नव्हता.

गावात तेव्हा एक रीत होती. गावातल्या इतरांच्या वराती चावडीपुढं तास तास नाचायच्या. आमच्या बौद्ध वस्तीची जयंतीची मिरवणूक मात्र चावडी ओलांडेपर्यंत मुक्यानं जायची. 'वाजप बंद' एवढे दोन शब्द पुरायचे. त्या वर्षी किसननं स्वतः एक चाल बसवली होती, दोन कडव्यांची. चावडी आली. पायऱ्यांवरून तात्या ओरडले, "किसन्या, वाजप बंद!" तात्या म्हणजे तेव्हाचं गावातलं बडं प्रस्थ. किसननं नुसते डोळे मिटले, बोटं चालूच. दुसरं कडवं निम्म्यावर आलं आणि कुणीतरी बेंजो हिसकून दगडावर आपटला. एक बटण तुटून कुठं उडालं ते सापडलंच नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. बेंजो फुटायच्या आधीच माझी ढोलकी थांबली होती. तात्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझे हात गार पडले होते. त्या दिवशी किसन एकटा वाजवत होता.

त्यानं पेटी सांधली. तुटलेल्या बटणाच्या जागी टूथब्रशची हिरवी दांडी कापून बसवली. ते बटण दाबलं की अडकायचं आणि तोच सूर लांबत राहायचा. नवीन बसव म्हटलं, तर नाही म्हणायचा. आणि ती चाल? ती त्यानं परत वाजवलीच नाही. कुणी लग्नात फर्माईश केली तर म्हणायचा, "ती चावडीची सुपारी हाय. तिथंच फिटंल." सुपारी म्हणजे वाजवण्याचं बोलावणं. लोक हसायचे. मी नाही हसायचो.

वर्षं गेली. केस आधी आखूड झाले, मग पांढरे. लाल पँटच्या जागी पांढरा लेंगा आणि जाकीट आलं. ज्यांनी पोरं बिघडतील म्हणून दारं लावून घेतली होती, त्यांच्याच नातवांच्या लग्नात किसनभाऊ मानाच्या खुर्चीवर बसून वाजवायला लागले. शाळेच्या स्नेहसंमेलनात परीक्षक, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला सत्कारमूर्ती! शाल आणि नारळ ठरलेलेच. माझं डोकं फिरायचं. अरे, ह्या माणसाला बघून आम्ही छाती काढून चालायला शिकलो, आणि हा आता फीत कापायच्या कार्यक्रमात मंद मंद वाजवतोय! एवढ्या शालींचं करतोस काय, असं विचारलं तर म्हणाला, "बेंजोला गुंडाळतो. त्याला थंडी वाजते."

मागच्या वर्षी गावानं चावडीपुढच्या चौकात त्याचा नागरी सत्कार ठरवला. मी तडक त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "जाऊ नकोस. सर्कशीतला वाघ केलाय तुझा. शाल घालतील आणि गप बसवतील."

"आरं दिन्या," तो म्हणाला, "केस पांढरे झाले म्हून बोटं पांढरी व्हत्यात व्हय?"

"तू विकला गेलास, किसन."

त्यानं बेंजोवरची शाल सारखी केली. मग अगदी हळू म्हणाला, "त्या दिशी पयलं कोण थांबलं व्हतं, दिन्या?"

...म्हणजे त्याला माहीत होतं. एवढी वर्षं माहीत होतं आणि त्यानं एका शब्दानं कधी दाखवलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि निघालो. दोन आठवडे त्याचा फोनही घेतला नाही. लाज वाटली की माणसाला राग येतो, तसला तो राग.

सत्काराला गेलो, पण पार मागच्या खुर्चीवर बसलो. भाषणं झाली, शाल झाली. 'दोन शब्द बोला' म्हटल्यावर किसन माईकपुढं आला. "शब्द मला नाय जमत," एवढंच म्हणाला आणि बेंजो पुढं ओढला. पहिला सूर आला आणि माझ्या अंगावर काटा आला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं भलतीकडूनच सुरुवात केली. मला मात्र कळलं. दुसऱ्या कडव्याच्या निम्म्यापासून, जिथं तो बेंजो दगडावर पडला होता, बरोबर तिथूनच त्यानं चाल उचलली होती!

तो माझ्याकडं बघत होता. भजनी मंडळाची ढोलकी स्टेजच्या कडेला पडली होती. कसा उठलो, कुणाच्या पायावर पाय दिला, काही आठवत नाही. ढोलकी मांडीवर घेतली आणि ठेका धरला. तेवढ्यात सूत्रसंचालक घड्याळ दाखवत पुढं आला, "वेळ झालीय, आता वाजप..."

"गप ए!" पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. नव्वदीला टेकलेले तात्या. मान लटपटत होती, आवाज मात्र खणखणीत. "वाजू द्या. राह्यलंय त्यांचं."

मग काय विचारता राव! उभा चौक टाळ्या धरून ठेका द्यायला लागला, आणि चावडीच्या पायऱ्यांवर आमच्या वस्तीतल्या बाया नाचल्या. कडवं पुरं झालं. किसननं घाम पुसला, अंगावरची शाल काढून बेंजोला गुंडाळली आणि माझ्या कानात म्हणाला, "फिटली बघ सुपारी." किसनला गावानं माणसाळवलं, असं मी समजत होतो. माझ्या अकलेचं दिवाळं, दुसरं काय!

त्याची शेवटची यात्रा चावडीपुढं मुद्दाम थांबली आणि तालुक्यातल्या सगळ्या बेंजो पार्ट्यांनी तिथं वाजवलं. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर किसनची बायको, सुमनवहिनी, मला म्हणाल्या, "भाऊजी, बेंजो तुमी न्या." मी नको म्हटलं. तो त्याच्या खोलीतच बरा, खाटेवर, त्या शालीत. आता दर रविवारी मी माझी ढोलकी घेऊन जातो. शाल सोडतो, तार छेडतो आणि हिरवं बटण दाबतो. ते अडकतं, सूर लांबतो, आणि मी समोर बसून दुसऱ्या कडव्याचा ठेका धरतो. परवा मध्येच हात थबकले.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, थांबलात का?"

"नाय वहिनी," म्हटलं, "आता नाय थांबत."